न चाखलेले लाडू

करडीच्या कुंताबाईला कशाकशाची भीती वाटते हे विचारत बसलात तर संध्याकाळ होईल. त्यापेक्षा कशाची वाटत नाही ते विचारावं, लवकर आटपतं. सापाची वाटत नाही, कारण धानाच्या बांध्यांमध्ये चिखल तुडवण्यात जन्म गेला. नवऱ्याची वाटत नाही, कारण तेजराम हा भिण्यासारखा माणूसच नव्हे. बाकी सगळ्याची वाटते. उघड्या भांड्याची, पालीची, शेजारून उसन्या आणलेल्या तेलाची, आणि सगळ्यात जास्त, दुसऱ्यांची पोरं तिच्या हातचं जेवायला बसतात त्या वेळेची.

ही वेळ रोज येते, कारण कुंताबाई एकवीस वर्षं गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. पहिल्याच वर्षी तिच्या हातून एक गोष्ट घडता घडता राहिली होती. चूल पेटवताना रॉकेलची बाटली कलंडली आणि तांदळाच्या पोत्याचा कोपरा भिजला, ते तिच्या लक्षातच आलं नाही. खिचडी उतरवल्यावर सहज घासभर तोंडात टाकली आणि घशात तो वास चढला. पातेलंभर खिचडी तिने शाळेमागच्या खड्ड्यात ओतली. ऐंशी पोरं उपाशी घरी गेली, गुरुजी रागावले, पोरांच्या आया भांडायला आल्या. कुंताबाई खाली मान घालून ऐकत राहिली. आपण तो घास खाल्ला नसता तर काय झालं असतं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

तेव्हापासून तिचा नियम ठरला. चव पाहायचा नियम सरकारचाही आहे, पण तो चमचाभराचा. कुंताबाई ताट भरून घेते, सगळ्यांच्या आधी जेवते आणि मग अर्धा तास भिंतीवरच्या घड्याळाखाली बसून राहते. पोटात काही होतंय का, जीभ जड पडतेय का, डोकं गरगरतंय का, हे आपलं आपण तपासत. पोरं खिडकीशी ताटल्या वाजवत उभी असतात. अर्धा तास झाला की त्यांच्यातलं एखादं ओरडतं, "काकू जित्ती हाय, चला रे." मग पंगत बसते. नव्याने आलेल्या गुरुजींना आधी हसू येतं, महिन्याभरात तेही घड्याळाकडे पाहायला शिकतात.

तिची दुसरी भीती देवाची. त्यामुळे उपास. एकादशी, चतुर्थी, श्रावणातले सोमवार, काही सुटत नाही, आणि घरातल्या बाईमाणसानेही सोडायचं नाही. मुलाची, मनिषची बायको रिता पवनीकडच्या आसगावची. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने चतुर्थीला चहात बुडवून एक बिस्कीट खाल्लं. कुंताबाई भांडली नाही, आवाज चढवला नाही. चार दिवस सुनेशी बोललीच नाही. ती वाढायची, ही जेवायची, मधे फक्त ताटाचा आवाज. पाचव्या दिवशी बोलली ती भाजीला मीठ कमी आहे म्हणून. त्यानंतर रिता उपासाच्या बाबतीत सासूच्या दोन पावलं पुढेच राहू लागली. घरात शांतता नांदू लागली आणि कुंताबाईला वाटलं, पोरीला वळण लागलं.

रिता हाताची हुशार. मनिष वरठीच्या प्लांटमध्ये कामाला, मोटारसायकलवर जाऊन येऊन. दिवसभर घरात ही आणि हिचा मोबाईल. मोबाईलवर पाहून पाहून ती चॉकलेट करायला शिकली. आधी केक झाले, मग तिला स्वतःचंच एक सुचलं. गुळाच्या पाकातले मुरमुऱ्याचे लाडू लिंबाएवढे वळायचे आणि चॉकलेटमध्ये बुडवून काढायचे. वर चार तीळ. दाताखाली कुरकुर वाजायचे. फोटो स्टेटसला टाकले आणि आठवड्यात वरठीहून फोन आला. तिथल्या भोजराव नावाच्या व्यापाऱ्याच्या मुलीचं, रुपाचं लग्न होतं. पाहुण्यांना निघताना हातात द्यायला काहीतरी घरचं आणि वेगळं हवं होतं. तीनशे डब्या, एकेका डबीत दोन लाडू, वर नवरा-नवरीचं नाव.

रिता आनंदाने घरभर फिरली. कुंताबाई मात्र हिशेब करत बसली. सहाशे लाडू, ज्यांची तोंडं कधी पाहिली नाहीत अशा माणसांच्या पोटात जाणार.

"मी संगं राहीन," ती म्हणाली. "चाखल्याबिगर एक लाडू घराबाहेर जाणार नाई."

"तुमीच तं पाहिजे आई," रिता म्हणाली.

लग्न रविवारचं. जून लागला होता पण ऊन हटलं नव्हतं. हाताच्या उबेनेसुद्धा चॉकलेट पाझरायचं. गुरुवारी सकाळी लवकर दोघी कामाला लागल्या. उकळत्या पाण्यावर भांडं ठेवून त्यात चॉकलेटच्या लाद्या वितळवायच्या, काट्याने लाडू बुडवायचे, कागदावर ठेवायचे आणि कागदासकट ताट शेजारच्या घरी फ्रिजमध्ये. चार घरांचे फ्रिज त्या दिवशी लाडवांनी भरले. दुपारी कुंताबाईने दोन लाडू खाल्ले आणि आपल्या घरातल्या घड्याळाखाली अर्धा तास बसली. रिता तोंडाला पदर लावून हसत होती. अर्धा तास झाला, सासू जिवंत होती, तीनशे लाडू पास झाले.

पण स्टीलची परात लहान पडली होती. थोडा थोडा पाक करून मुरमुरे कालवायचे, तोवर गूळ कडक व्हायचा. शुक्रवारी रिताने अंगणातून मोठा निळा प्लॅस्टिकचा टब आणला आणि एकदमच सगळं कालवलं. शुक्रवार निर्जला एकादशीचा. कुंताबाई देवळात गेली होती. परत आली तेव्हा लाडू वळून झाले होते आणि रिता ते बुडवत होती.

"चाखता काय आई?" रिताने विचारलं.

"आज थुंकीसुद्धा गिळाले भेव वाटते, अन् लाडू चाखू? उद्या पाहू."

दुसऱ्या दिवशी ती उपास सोडून उठेपर्यंत रिताने सगळ्या डब्या भरून लाल फितीने बांधून टाकल्या होत्या. दुपारी रुपाचा चुलतभाऊ कुलदीप गाडी घेऊन आला. कुंताबाईने एक डबी हातात घेतली, फितीच्या गाठीवर नख ठेवलं. रिताची तीन दिवसांची मेहनत, मोजून भरलेल्या डब्या, दारात हॉर्न. तिने डबी परत ठेवली. एकवीस वर्षांत हे पहिल्यांदा घडलं.

रविवारी सकाळी दहाला तेजराम अंगणात काहीतरी शोधत फिरत होता.

"निळा टब कुठी हाय वो?" तो ओरडला. "राहिलेल्या बियाण्याले औषध लावाचं हाय."

कुंताबाई तांदूळ निवडत होती. "राहिलेल्या म्हंजे?"

"अर्धं बुधवारी लावलं नाई का त्याच्यातच." मग त्याला तो न्हाणीच्या मागे सापडला. कडेला गुळाचा एक तपकिरी थर चिकटलेला होता. तेजरामला गंमत वाटली. "याच्यात गूळ कोणं कालवला?"

सूप कुंताबाईच्या मांडीवरून कधी खाली गेलं तिला कळलं नाही. धानाच्या बियाण्याला कीड-बुरशी लागू नये म्हणून चोळतात ती पांढरट भुकटी. पाकिटावर विषाचा इशारा देणारा लाल चौकोन असतो. ती चोळताना तेजराम स्वतः नाकाला दुपट्टा बांधतो आणि कोंबड्या आत कोंडतो.

"तुमी टब धुतला होता काय मंग?" तिने विचारलं.

"कायले? पुन्हा त्याच कामाले लागणार होता. पालथा घातला."

रिता दारात येऊन उभी होती. तिचा चेहरा पडला होता.

"धुतला होता म्या," ती म्हणाली. "बोरिंगवर. दोन पाण्यानं."

"साबण?"

रिताने मान हलवली. नाही.

कुंताबाईने विचारलं, टबातले लाडू कोणत्या डब्यांत आहेत. रिता म्हणाली, सगळ्यांत. एक गुरुवारचा, एक शुक्रवारचा, असे भरले. कुंताबाई भिंतीला टेकली. एकही डबी सुटली नव्हती.

"काही होत नाई आई," रिता घाईने म्हणाली. "खरंच सांगतो. काही म्हंजे काही होत नाई."

"तुले कायचं ठाऊक?"

रिता जमिनीकडे पाहू लागली.

भोजरावला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. रुपाला लावला, तो बंदच होता. लग्नाच्या दिवशी नवरीचा फोन कोण सांभाळतो. साडेअकराचा मुहूर्त. मग जेवणं. डब्या निघताना द्यायच्या असल्या तरी पोरं निघेपर्यंत थांबत नाहीत, हे कुंताबाईइतकं कुणाला ठाऊक असणार.

"गाडी काढ," ती म्हणाली.

"आई, जरा आयका ना." रिताचे डोळे भरले. "तिथी जाऊन असं सांगतलं तं पुन्हा कोण घेईन माह्या हातचं? माह्यं सोडा. तुमची शाळा? करडीची कोणती माय आपलं पोट्टं तुमच्या खिचडीले बसू देईन?"

हे कुंताबाईच्या डोक्यात आलं नव्हतं, असं नाही. पण कुणी मोठ्याने बोललं की गोष्ट खरी होते. शाळा उघडायला पंधरा दिवस होते. वरठीत सकाळी बोललेलं दुपारी करडीच्या पानठेल्यावर असतं. ज्या बाईच्या घरच्या लाडवात औषध निघालं, तिच्या हातात कुणी पळी देणार नाही. तिला शाळेचा तो सारवलेला ओटा दिसला, ताटल्या वाजवणारी पोरं दिसली.

"काढ गाडी," ती पुन्हा म्हणाली.

रिताची स्कुटी होती. कुंताबाई मागे बसली, दोन्ही हातांनी सीट धरून. वाटेत तिने मनातल्या मनात एक उपाय काढला. खरं कशाला सांगायचं? चॉकलेट पाघळलं, लाडू वितळले, बदलून देतो, असं म्हणून डब्या उचलायच्या. कुणाच्या पोटात काही जाणार नाही आणि शाळाही जाणार नाही. खोटं होतं, पण कुणाचं वाईट करणारं नव्हतं. ती ते वाक्य पुन्हा पुन्हा घोकत होती. बाजूने उन्हात कोरड्या पडलेल्या बांध्या मागे जात होत्या, कुठे कुठे पऱ्ह्यासाठी, धानाच्या रोपांसाठी, नांगरून ठेवलेल्या.

तलावाच्या पाळीजवळ रिताने एकाएकी गाडी थांबवली. पाय टेकून ती तशीच बसली, मागे न पाहता.

"आई, एक गोष्ट..."

"काय? बोल लवकर."

रिताने आरशात सासूचा चेहरा पाहिला. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर तीच आठी, चतुर्थीच्या बिस्किटाच्या वेळची.

"काही नाई. पदर सांभाळा, चाकात जाईन." आणि तिने गाडी पुढे काढली.

लग्न स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लॉनवर होतं. अक्षता पडून गेल्या होत्या. एका बाजूला जेवणं सुरू, दुसऱ्या बाजूला स्टेजवर फोटो. दाराशीच मेज होतं आणि मेजावर लाल फितीच्या डब्यांचा ढीग. तो ढीग एका बाजूने बराच उतरलेला होता. मेजाखाली रिकामी डबी पडली होती. आणखी एक खुर्चीखाली. पिवळ्या फ्रॉकमधली चार-पाच वर्षांची एक मुलगी तोंडाला तपकिरी मिशा लावून कुंताबाईच्या समोरून पळत गेली.

घोकलेलं वाक्य आता काही कामाचं नव्हतं. उरलेल्या डब्या उचलता आल्या असत्या. खाल्लेल्यांना काय सांगणार होती, की चॉकलेट पाघळलं?

भोजराव फेटा बांधून पाहुण्यांना वाढायला सांगत फिरत होते. कुंताबाईने त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं. सगळं सांगितलं, टब, भुकटी, एकादशी. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला.

"बाई, मांडवात असं बोलतात काय? वरपक्षाच्या कानावर गेलं तं माह्या पोरीचं काय?"

"किती लोकायनं खाल्ले?"

"मोठे आत्ता जेवून राहिले. पोट्ट्यायनं नेले असतीन दहा-पाच. मी बाकीचे डबे गुपचूप उचलतो. तुमी चूप राहा अन् घरी जा."

"अन् ज्यायनं खाल्ले ते?"

"काही झालं का त्यायले? पाहा, खेळून राहिले."

कुंताबाईने पाहिलं. तीनशे माणसांत पोरं कुठे कुठे पळत होती. कोणाचं कोणतं, कुणी किती खाल्ले, काही कळण्यासारखं नव्हतं. आणि कुणाला उलटी झाली, चक्कर आली, तर त्याची आई म्हणणार की ऊन लागलं. घरी नेऊन झोपवणार. हा विचार आला आणि ती स्टेजकडे चालू लागली.

मंगलाष्टकं म्हणायचा माईक अजून चालू होता. त्यात आपला श्वास वाजतो हे तिला ठाऊक नव्हतं. आधी सगळ्या लॉनने तिचा श्वास ऐकला.

"मी करडीची कुंताबाई. शाळेत खिचडी करतो. लाल फितीच्या डब्यातले लाडू आमच्या घरचे हायत. ज्या टबात कालवले, त्या टबात धानाचं औषध होतं. कोणी खाऊ नका. ज्या पोट्ट्यायनं खाल्ले त्यायच्या मायनं त्यायले आत्ताच दवाखान्यात न्या. चूक आमची हाय."

जेवणाऱ्यांचे हात थांबले. मग एकदम कल्ला झाला. कुणी हसलं, कुणी म्हणालं बाई वेडी आहे, नवरदेवाचा बाप खुर्चीतून उठला. भोजराव धावत स्टेजवर चढले आणि त्यांनी माईक स्वतःकडे ओढला.

"पाहुणेमंडळी, बसून घ्या. बाईचा गैरसमज झाला. घाबरट बाई हाय, अख्ख्या करडीले माहीत हाय. लाडवात काही नाई. पाहा, बाई स्वतःच तुमच्यासमोर एक खाऊन दाखवते." त्यांनी एक डबी फोडून तिच्यासमोर धरली. हळूच, माईक बाजूला करून म्हणाले, "खा. हात जोडतो. एक खाल्ल्यानं तुमी मरत नाई."

कुंताबाई खरोखर एका लाडवाने मरत नव्हती. आणि मरायची भीती तिला त्या क्षणी नव्हतीच. एकवीस वर्षं ती सगळ्यांच्या आधी खात आली होती. सगळ्या लॉनचे डोळे तिच्या हातावर होते. हात वर गेला की हे सगळे निर्धास्त होतील, पोरं उरलेल्या डब्यांवर तुटून पडतील, आणि तिची खिचडी, शाळा, नाव, सगळं जागच्या जागी राहील.

"मी खाईन तं हे सगळे खातीन," ती म्हणाली. "म्हणून नाई खात."

तेवढ्यात रिता स्टेजवर आली. "मी खातो," ती म्हणाली आणि तिने डबीत हात घातला. कुंताबाईने तिच्या मनगटावर फटका मारला. डबी उडाली, लाडू स्टेजच्या गालिच्यावर घरंगळले.

"अक्कल हाय का तुले?" कुंताबाई ओरडली. रिता मनगट धरून मागे सरली.

आता कुणी हसलं नाही. पिवळ्या फ्रॉकच्या मुलीच्या आईने पोरीला उचललं आणि तोंडात बोट घालून पाहायला लागली. दुसरी रडायला लागली. बघता बघता सात पोरं गोळा झाली. ज्या गाडीतून नवरी सासरी जायची, त्या फुलांच्या गाडीत चार आणि कुलदीपच्या गाडीत तीन, अशी ती जवळच्या दवाखान्यात गेली. कुंताबाई आणि रिता मागून.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. तिने औषधाचं नाव विचारलं. तेजरामला फोन लावला. तो पाकिटावरचं एकेक अक्षर वाचत राहिला, शेवटी शेजाऱ्याने फोटो काढून पाठवला. डॉक्टरणीने तो मोठा करून वाचला.

"किती पोटात गेलं ते कळल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत इथेच राहू द्या. उलटी, चक्कर, काही झालं की लगेच हाक मारा."

बाकावर जागा होती, पण आयांनी कुंताबाईला बसायला जागा दिली नाही. ती भिंतीशी उभी राहून सात चेहरे पाहत राहिली. एकाचे डोळे लाल वाटले, ऊन असेल. एक गप्प बसलं होतं, झोप असेल. नसेल तर? तिने देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, पण ते अर्ध्यावर तुटायचं आणि नजर पुन्हा पोरांकडे जायची.

"शाळेतल्या पोट्ट्यायलेही असंच चारते काय वो?" एका बाईने विचारलं.

मग पिवळ्या फ्रॉकची मुलगी वाकली आणि तिने भडाभडा उलटी केली.

आईने टाहो फोडला. सगळ्या उठल्या, कुणी डॉक्टरणीला हाक मारली, कुणी कुंताबाईच्या अंगावर धावून आली. कुंताबाईला फक्त फरशीवरचं ते तपकिरी दिसत होतं. तिच्या कानात काही शिरत नव्हतं. तोंडातलं पाणी आटून गेलं होतं, निर्जलेच्या दिवशी आटलं नव्हतं इतकं.

डॉक्टरणीने मुलीला आत नेलं, तपासलं, बाहेर आली. "नाडी ठीक आहे. हिने लाडवाबरोबर काय काय खाल्लंय ते देवाला ठाऊक, त्यामुळे सांगता येत नाही. मला एक सांगा. हे टबातले लाडू आजच्या आधी कुणी खाल्ले होते का?"

"कोणीच नाई," कुंताबाई म्हणाली.

"नीट आठवा. करताना एखादा? घरातल्या कुणी?"

"कोणी नाई, मॅडम. एकादशी होती. आमच्या घरी एकादशीले कोणी खात नाई." इतक्या भीतीतही हे सांगताना तिची मान जराशी ताठ झाली.

"म्या खाल्ले," रिता म्हणाली.

तिचा आवाज इतका बारीक होता की डॉक्टरणीने पुन्हा विचारलं.

"म्या खाल्ले. शुक्रवारी. सकाळपासून पाणीही नव्हतं पोटात अन् समोर लाडू. आई देवळात गेल्या होत्या. सात-आठ खाल्ले. टबाच्या बुडाचा गूळही खरडून खाल्ला."

"सात-आठ?" डॉक्टरणीने तिला खुर्चीवर बसवलं. डोळे पाहिले, जीभ पाहिली, पोट दाबलं. "उलटी झाली? चक्कर? पोट दुखलं?"

"काही नाई."

"आज तिसरा दिवस." डॉक्टरीण आयांकडे वळली. तिच्या खांद्यांवरचा ताण पहिल्यांदा उतरला. "या पोरांनी एकेक, फार तर दोन खाल्लेत. हिने त्याच्या चौपट खाल्लेत आणि ही धडधाकट आहे. टब धुतल्यामुळे वाचलात. संध्याकाळपर्यंत थांबाच, पण आता रडू नका."

आतून पिवळ्या फ्रॉकची मुलगी पाणी मागत होती. तिची आई मटकन खाली बसली आणि रडता रडता हसायला लागली. कुणीतरी लॉनवर फोन लावला.

कुंताबाई रिताकडे पाहत होती. सकाळी हे एक वाक्य बोलली असती तर माईक नव्हता, फटका नव्हता, दवाखाना नव्हता. पोरीने आपली पहिली मोठी ऑर्डर मातीत जाऊ दिली, सासूची शाळा जाऊ दिली, सात आयांना रडू दिलं.

"सकाळी काहून नाई सांगतलंस?"

रिता खुर्चीतून उठून मागे सरकली होती, पाठ भिंतीला लागेपर्यंत. ती डॉक्टरणीकडे पाहत नव्हती, त्या आयांकडेही नाही.

"रस्त्यात गाडी थांबवली होती म्या," ती म्हणाली. "सांगणारच होतो. तोंडातून निघालंच नाई. मले तुमची भीती वाटते, आई."

कुंताबाईला आयुष्यभर सगळ्या गावाने भित्री म्हटलं होतं. कुणाला तिची भीती वाटत असेल, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिला म्हणायचं होतं की बरं केलंस, खाल्लंस ते बरं केलंस, टब धुतलास म्हणून पोरं वाचली. तिने रिताच्या डोक्यावरून फिरवायला हात उचलला, आणि रिताने डोळे गच्च मिटून घेतले.